तिसऱ्या गावची बियर

वरच्या डॉर्नबाखची माणसं खालच्या डॉर्नबाखच्या माणसांशी बोलत नव्हती असं नाही. बोलत, पण जेवढ्यास तेवढं. दोन्ही गावं एकाच ओढ्याच्या काठी, मध्ये चालत अर्ध्या तासाची वाट, आणि दोन्हीकडे आपापली खानावळ नि तिच्या मागच्या अंगाला बियरची भट्टी. ओढा आधी वरच्या गावातून वाहतो, मग खालच्या. त्यामुळे वरचे म्हणत, खालची मंडळी आमच्या आंघोळीच्या पाण्यात बियर करतात. खालचे म्हणत, तुम्ही आंघोळ करत असता तर आमची एवढी तक्रार नव्हती. खरं म्हणजे दोन्ही भट्ट्यांना स्वतःच्या विहिरी होत्या आणि ओढ्याचं पाणी बदकांखेरीज कोणी तोंडात घेत नव्हतं. पण चांगल्या रंगलेल्या भांडणात विहिरीचं नाव काढून विरजण कोण घालणार?

ऑटमार वरच्या गावचा. घरं शाकारणं हा त्याचा धंदा. आसपासच्या टापूत त्याचा हात लागला नाही असं छप्पर सापडणं कठीण. माणूस हाडापेराने दांडगा, बोलायला कंजूष. आपल्या गावची सोडून दुसऱ्या गावची बियर त्याने जन्मात मनापासून प्यायली नव्हती. लष्करात नोकरीला होता तेवढा काळ तो तहानलेलाच राहिला, असं त्याची बायको कुनी सांगायची. आणि कौतुकाचं म्हणाल, तर त्या सगळ्या मुलखातच कौतुकाचा मोठ्यात मोठा शब्द म्हणजे ‘चालतंय’. ऑटमार तोही जपून वापरी. मुलगी झाली तेव्हा पाळण्यात वाकून बघत तो म्हणाला होता, “चालतंय,” आणि मग अंगणात जाऊन लाकडाच्या ढिगाआड रडला होता.

तीच मुलगी, वालबुर्गा, आता लग्नाची झाली आणि तिने पसंत केला खालच्या गावचा फाइट. तोही साधासुधा नव्हे, तर तिथल्या भट्टीवाल्या वेंडेलीनचा थोरला मुलगा.

पोराबद्दल ऑटमारचं काही म्हणणं नव्हतं. पोरगा कामसू होता, नम्र होता, जिन्यावर पाय न आपटता चढायचा. घोडं अडलं ते बियरवर. वेंडेलीनचं म्हणणं, नवरामुलगा भट्टीवाल्याचा, मग लग्नात बियर कुठली हे विचारायचं कशाला. ऑटमारने निरोप पाठवला की खालच्या गावचा एक थेंब जरी मांडवात आला तर आपण लग्नाला येणार नाही. वेंडेलीनने उलट निरोप पाठवला की वरच्या गावचं पिंप दिसलं तर आपणही घरीच बसू. कुनी म्हणाली, बरं झालं, नाचायला जागा ऐसपैस होईल.

वालबुर्गा बालवाडीत शिकवायची. रुसून कोपऱ्यात बसलेल्यांना कसं उठवायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं. एका रविवारी तिने दोघांना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसवलं, पुढे केक ठेवला आणि स्वतः उभी राहून सांगितलं, “वरचीही नाही, खालचीही नाही. तिसऱ्या गावची. तुम्ही दोघांनी बरोबर जायचं, बरोबर प्यायची, आणि दोघांना पसंत पडेल अशी एक ठरवून यायचं. नाही ठरली, तर लग्नात सफरचंदाचा रस.”

वेंडेलीनला वाटलं ती थट्टा करते आहे. ऑटमारला मुलगी माहीत होती. त्याने मुकाट्याने केक संपवला.

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी दोघे बसथांब्यावर भेटले. बसने टेकड्यांपलीकडच्या राइटबेर्गला जायचं, आणि तिथून रानवाटेने गावोगावच्या खानावळी घेत घेत संध्याकाळपर्यंत घराकडे यायचं, असं ठरलं होतं. दोघांच्याही बायकांनी दोघांना सारखाच दम भरला होता: व्याह्यांबरोबर पहिल्यांदा बाहेर जातो आहेस, धड कपडे घाल. ऑटमारच्या अंगावर चर्चला जायचा काळा कोट होता. वेंडेलीनच्या अंगावरही होता. त्यात वेंडेलीन बुटका, गोल आणि गुलाबी गालांचा. शेजारी शेजारी उभे राहिले की वाटावं, एकाच कापडातून एकाला जास्त उंची मिळाली आणि दुसऱ्याला जास्त घेर.

बसमध्ये वेंडेलीन हवेबद्दल बोलला, सातूच्या पिकाबद्दल बोलला, आपल्या गुडघ्याबद्दल बोलला. ऑटमार खिडकीतून छपरं बघत बसला.

राइटबेर्गच्या खानावळीत गडद तपकिरी बियर होती. मालकिणीने दोन दगडी मग आणून ठेवले. ऑटमारने मग उचलला, प्यायला, खाली ठेवला. वेंडेलीनने मात्र आपली बियर आधी काचेच्या पेल्यात ओतून मागितली, पेला उजेडाकडे धरला, नाकाशी नेला, डोळे मिटले, एक घोट तोंडात घोळवला आणि छताकडे पाहत राहिला. गाभण गाय तपासायला आलेला डॉक्टर असाच उभा राहतो, असं ऑटमारच्या मनात आलं. शेवटी वेंडेलीनने निकाल दिला की पाणी जड आहे, सातू जरा जास्त भाजलाय, पण शेवट गोड आहे. ऑटमार म्हणाला, गोड आहे हीच तर खोड आहे. वेंडेलीन म्हणाला, गोड म्हणजे साखरेसारखी गोड नव्हे. ऑटमार म्हणाला, गोड म्हणजे गोड. असं बराच वेळ चाललं. मालकीण शेजारचं टेबल पुसत ऐकत होती. तिने दोघांचे मग उचलले आणि अंगणात विहीर आहे, पाण्याला कोणी नाही म्हणणार नाही, असं सांगून ती आत निघून गेली.

मोसहाइमला धुराची बियर. तिथे सातू लाकडाच्या धुरावर सुकवतात आणि बियरचा मग तोंडाशी नेला की आधी धूर येतो नि मागून बियर. वेंडेलीनचा चेहरा उजळला. असली बियर करायला तीन पिढ्यांची शेकोटी लागते, तो म्हणाला. त्याने दुसरा मग मागवला, खानावळवाल्याला बोलावून लाकूड कुठलं, किती सुकलेलं, अशी चौकशी सुरू केली. ऑटमारने एक घोट घेतला आणि त्याला आपलं सगळं आयुष्य आठवलं. चाळीस वर्षं तो लोकांच्या धुराड्यांना मिठ्या मारत आला होता. “व्याहीबुवा,” तो म्हणाला, “मला धुराडं चाटायचं असतं तर मी कामावरच थांबलो असतो.”

खानावळवाल्याने ते ऐकलं. त्यानंतर चौकशीची उत्तरं त्रोटक येऊ लागली.

तिसरं गाव टेकडीवर होतं. चढ उभा, ऊन कडक, वेंडेलीनचा गुडघा कुरकुरत होता आणि गुडघ्याहून जास्त वेंडेलीन. पण तिथल्या खानावळीत भाजलेला डुकराचा खांदा मिळतो, वर अशी कुरकुरीत साल असते की चावली तर पाद्र्याचं प्रवचन थांबावं, असं तोच सांगत होता, आणि त्या सालीच्या जोरावर दोघांनी चढ चढला. वर खानावळीच्या दाराला कुलूप होतं. दारावर पाटी: आज बंद. खाली खडूने लिहिलेलं: आमच्याही मुलीचं लग्न आहे.

पाटीपुढे दोघे थोडा वेळ उभे राहिले. मग ऑटमारने विचारलं की फोन करून बघायला काय झालं होतं. वेंडेलीन म्हणाला, आपल्याला वाटलं की तुम्ही केला असेल. ऑटमार म्हणाला, धंदा तुमचा, ओळखी तुमच्या. वेंडेलीन म्हणाला, आजच्या दिवसात तुम्ही आतापर्यंत नाकं मुरडण्यापलीकडे काय केलंत ते सांगा. ऑटमारने ते सांगितलं. तेही लांबलचक. इतका तो गेल्या नाताळपासून बोलला नव्हता. त्यात आंघोळीचं पाणी आलं, वेंडेलीनच्या आजोबांनी कुठल्याशा जत्रेत मारलेली फसवणुकीची पैज आली, आणि शेवटी पेला उजेडाकडे धरून बघण्याची ती तऱ्हाही आली. वेंडेलीन लालबुंद झाला. पुढची वाट दोन फाट्यांनी रानात शिरत होती. वेंडेलीनने डावी धरली, म्हणून ऑटमारने उजवी धरली.

उजव्या वाटेवर आधी चिखल लागला, मग काटेरी झुडपं, मग एक कुंपण, आणि कुंपणापलीकडे एक बैल जो ऑटमारकडे फार आस्थेने बघत होता. वळसा घालता घालता ऑटमारच्या पोटात कावळे ओरडू लागले. कुनीने दिलेली फराळाची पिशवी तो बसमध्ये विसरला होता. सफरचंदाचा रस, सफरचंदाचा रस, असं त्याच्या पावलागणिक डोक्यात वाजत होतं. वरच्या गावची सगळी मंडळी रांगेने उभी राहून हातातल्या पिवळ्या रसाकडे आणि मग आपल्याकडे बघताहेत, हे चित्र त्याला स्पष्ट दिसत होतं.

रान संपलं तेव्हा खाली एर्लनग्रुंडचं चर्च दिसलं, आणि चर्चच्या बाजूला खानावळ. भाजलेल्या मांसाचा वास थेट टेकडीपर्यंत आला होता. ऑटमार त्या वासाचं बोट धरून उतरला. खानावळीच्या कोपऱ्यावरून वळतो तर समोरच्या कोपऱ्यावरून वेंडेलीन येत होता, कोटाला पानं चिकटलेली, एका बुटात पाणी. दोघेही दारापाशी एकाच वेळी पोहोचले. दोघांनाही एकमेकांना ओळख दाखवायची नव्हती, पण दार एकच होतं.

दारात काळ्या कपड्यांतली एक बाई उभी होती. तिने आधी ऑटमारचा हात हातात घेतला, मग वेंडेलीनचा.

“आलात, बरं वाटलं,” ती म्हणाली. “आत बसा. जेवण वाढतच आहेत.”

ऑटमारला काही कळायच्या आत मागून आणखी माणसं आली, सगळी काळ्या कपड्यांत, आणि त्या लोंढ्याबरोबर दोघे आत ढकलले गेले. आत लांब टेबलं मांडलेली, पांढऱ्या चादरी, मधल्या टेबलावर मेणबत्ती आणि चौकटीत एका म्हाताऱ्याचा फोटो. मयताचं जेवण होतं. दोघांना एका बाकावर शेजारी शेजारी सरकवलं गेलं. ऑटमार उठू लागला, तेवढ्यात त्याच्यापुढे ताट आलं: खांद्याचं मांस, वर सोनेरी फुगलेली साल, बटाट्याचे दोन गोळे, आणि रस्सा. तो पुन्हा बसला.

वेंडेलीन ओठ न हलवता कुजबुजला की हे बरं नाही, उठलं पाहिजे. ऑटमारने तसंच विचारलं की मग उठत का नाही. वेंडेलीन म्हणाला, आता उठलो तर मेलेल्या माणसाचा अपमान. असं म्हणून त्याने सालीचा तुकडा मोडला.

शेजारच्या म्हाताऱ्याकडून हळूहळू एवढं कळलं की फोटोतला माणूस हार्टविग, गावचा निवृत्त पोस्टमन. दारातली बाई त्याची बायको अपोलोनिया. आणि हार्टविगने साऱ्या खोऱ्यात पत्रं वाटली असल्याने कुठून कुठून माणसं आली आहेत. तुम्ही कुठले, असं म्हाताऱ्याने विचारलं. दोघे एकदमच म्हणाले, डॉर्नबाखचे. वरचं की खालचं हे या खेपेला कोणीच सांगितलं नाही.

मग बियर आली. खानावळवाला किलियान स्वतः तळघरातून मग भरून आणत होता. रंग जुन्या मधासारखा, थोडी गढूळ, वर पातळ फेस. ऑटमारने प्यायली. पुन्हा प्यायली. गावच्या ओस पडलेल्या मठातल्या थंड भिंतीला पाठ टेकल्यावर उन्हाळ्यात वाटतं, तसं त्याला वाटलं. चोरून त्याने वेंडेलीनकडे पाहिलं. वेंडेलीनने पेला मागितला नव्हता, उजेडाकडे धरला नव्हता, डोळेही मिटले नव्हते. दोन्ही हातांत मग धरून तो नुसता बसला होता.

“चालतंय,” ऑटमार म्हणाला.

“चालतंय,” वेंडेलीन म्हणाला.

एवढ्यात चमच्याने पेला वाजला. पाद्री उठून म्हणाला की हार्टविग अबोल होता, तेव्हा आज त्याच्याबद्दल आपणच बोलू या; ज्याची जी आठवण असेल ती सांगावी. एकेक जण उठू लागला. कोणी म्हणालं, शांत माणूस होता. पुढचा म्हणाला, खरंच फार शांत होता. तिसरीने सांगितलं की एवढा शांत माणूस तिने पाहिला नाही. आठवणी बाकावरून सरकत सरकत डॉर्नबाखकडे येऊ लागल्या. ऑटमारच्या घशात गोळा अडकला. बटाट्याचाच होता, पण भीतीने अडकला. त्याने टेबलाखालून वेंडेलीनला कोपर मारलं. बोलणं तुमचं काम, तो पुटपुटला, सकाळपासून थांबला नाहीत, आता बोला.

वेंडेलीन उठला. फोटोकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. कोटावरचं एक पान काढलं.

“हेकट होता,” तो म्हणाला.

सगळे चमचे थांबले. पण एकदा निघालेला शब्द माघारी घेता येत नव्हता, तेव्हा त्याने तो पुढेच रेटला.

“माझी बियरची भट्टी आहे. या माणसाने माझी बियर कधी प्यायली नाही. तोंडावर नाही म्हणायचा. लोक निदान खोटं बोलतात, पोट बिघडलंय म्हणतात. हा नाही. मला त्याचा फार राग यायचा. मग ती गारपीट झाली, त्या वर्षी. माझ्या माळ्यावरची कौलं फुटली, आणि वर सगळा सातू पसरलेला. वर्षाचा सातू. पाऊस थांबायला तयार नव्हता. आणि हा शिडी घेऊन आला. कोणी बोलावलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या गावात निम्मी घरं उघडी पडली होती, त्याच्या बायकोच्या स्वयंपाकघरात पाणी होतं, आणि हा अंधार पडेपर्यंत माझ्या छपरावर.”

ऑटमारने काटा खाली ठेवला.

“उतरला, तेव्हा ओठ निळे पडले होते,” वेंडेलीन म्हणाला. “मी एक मग भरून आणला. त्याने मगाकडे बघितलं आणि म्हणाला, मला तहान नाही. आणि शिडी खांद्यावर टाकून निघून गेला. मला असा संताप आला, की आभार मानायचे राहून गेले. पुढच्या वर्षी मानू म्हटलं. मग त्याच्या पुढच्या वर्षी. ते एकदा राहिलं की राहतंच. तर, आता मानतो.”

त्याने हातातला मग फोटोकडे उंचावला आणि बसला. खाली बसताना ऑटमारकडे पाहिलं नाही.

पोस्टमन आणि शिडी, यांचा मेळ बसवण्यात निम्मं टेबल गुंतलं होतं. मग पलीकडचा एक म्हातारा मान हलवत म्हणाला की शिडी होती खरी त्याच्याकडे, लाकडी होती. दुसऱ्याला आठवलं की गारपिटीच्या वर्षी हार्टविग दोन दिवस दिसलाच नव्हता. एक बाई म्हणाली, मनात ठेवायचा, कधी बोलून दाखवायचा नाही. अपोलोनिया रुमालाने डोळे टिपत त्या दोघांकडे बघत होती.

“आणि तुम्ही?” पाद्र्याने ऑटमारला विचारलं.

ऑटमार उभा राहिला. कौलांवर बारा महिने तोल सांभाळणारा माणूस, पण त्या सपाट जमिनीवर त्याला टेबलाचा आधार घ्यावा लागला.

“तहान लागली होती त्याला,” तो म्हणाला. “खूप लागली होती.”

आणि बसला.

त्यानंतर काय काय झालं हे पुढे दोघांनीही वेगवेगळं सांगितलं. एवढं नक्की, की किलियान मग भरत राहिला आणि पाद्र्याने कोट काढून खुर्चीला लावला. शांत हार्टविगच्या एकेक गोष्टी निघू लागल्या. कोणाच्या अंगावर आलेला कुत्रा त्याने नुसत्या नजरेने परतवला होता, कोणाचं प्रेमपत्र त्याने बर्फातून पायी नेऊन पोहोचवलं होतं. प्रत्येक गोष्टीला वेंडेलीन मांडीवर थाप मारून म्हणत होता, अगदी असाच होता. ऑटमार किलियानबरोबर तळघरात उतरला आणि वर आला तो लग्नाच्या पिंपांची बोलणी पक्की करूनच. तेव्हा वेंडेलीन बाकावर उभा होता आणि सगळ्यांना काहीतरी आग्रहाने सांगत होता. सगळे टेबल वाजवत होते.

संध्याकाळच्या बसमध्ये दोघे शेवटच्या बाकावर बसले. मग वेंडेलीन म्हणाला, “घरी मयताचं सांगू नकोस. बायका म्हणतील, लग्नाला सुतकातली बियर आणली.”

ऑटमारच्या लक्षात आलं की हा आपल्याला अरे-तुरे करतोय. त्याने थोडा वेळ त्यावर विचार केला.

“तूही सांगू नकोस,” तो म्हणाला. “तुझ्याच पोटात काही राहत नाही.”

लग्न जूनमध्ये झालं. चर्चच्या अंगणात लिंडेनच्या झाडांखाली टेबलं मांडली होती. बँड आला, नवरानवरी आली, वरचं गाव डाव्या हाताला बसलं, खालचं उजव्या हाताला, मधली वाट मोकळी. फक्त बियर यायची होती. ऑटमार फाटकाशी येरझारा घालत होता, तोच किलियानचा ट्रॅक्टर दिसला. मागच्या गाड्यावर पिंपं होती, आणि पिंपांच्या दोन्ही बाजूंना बाकांवर ओळीने बसलेलं अख्खं एर्लनग्रुंड. सगळ्यांच्या अंगावर काळे कोट, काळे झगे. गावाकडची माणसं, ठेवणीतला पोशाख एकच.

बँड आपसूक थांबला. लग्न लावणाऱ्या पाद्र्याने पुढे होऊन हळूच विचारलं की कोणाचं काही झालं का. कुनी ऑटमारजवळ आली आणि म्हणाली, “ही कोण माणसं?”

ऑटमारने वेंडेलीनकडे पाहिलं. वेंडेलीन पांढराफटक पडला होता. आपण बाकावर उभं राहून त्या दिवशी काय सांगत होतो, हे त्याला आत्ता, या घडीला आठवलं होतं.

“वेंडेलीनचे पाहुणे,” ऑटमार म्हणाला.

“ऑटमारचे मित्र,” त्याच दमात वेंडेलीन म्हणाला.

“ऑटमारला मित्र आहेत?” कुनीने विचारलं.

बसायला जागा मधल्या वाटेवरच उरली होती. एर्लनग्रुंडकर तिथे बाक टाकून बसले, आणि ते दोन्हीकडच्यांशी सारखंच बोलत असल्याने डावी-उजवी बाजू त्यांच्यावरून हात लांबवून एकमेकींना मीठ, पाव नि तिखट मुळ्याची चटणी देऊ लागली. बियर कुठली, असं वरच्या गावच्या भट्टीवाल्याने पिऊन विचारलं, आणि उत्तर ऐकून मान डोलावली. आंबट तोंडाने डोलावली, पण आपला मग पुन्हा भरून घेतला. नाचायला लागल्यावर काळे कोट सगळ्यांच्या पुढे. वालबुर्गाने पाहुण्यांबद्दल बापाला एक अक्षर विचारलं नाही. ती बालवाडीची बाई होती; कुठली गोष्ट खोदायची नसते हेही तिला कळत होतं.

अपोलोनियाने ऑटमारला नाचायला ओढलं. ऑटमारला नाच येत नव्हता. तो छपरावर चालतो तसा, एकेक पाय चाचपून टाकत होता.

“तुमच्याशी एक बोलायचं होतं,” ती म्हणाली. “माझा हार्टविग बियर पीत नव्हता. त्याला सोसायची नाही. आणि शिडी होती ती माझ्या बापाची. दिवा बदलायला खुर्चीवर चढायचा तरी त्याला घेरी यायची. मीच चढायचे.”

ऑटमारचा पाय तिच्या पायावर पडला. त्याने तो घाईने उचलला. शेवटी त्याने विचारलं की मग त्या दिवशी तिने हाकलून का दिलं नाही.

“का देऊ?” अपोलोनिया म्हणाली. “शांत होता, शांत होता, सगळे तेवढंच म्हणत होते. सगळा जन्म काढला त्याने इथे, आणि सांगायला कोणाकडे एक गोष्ट नव्हती. तुमच्या दोस्ताने एक दिली. मग बाकीच्यांनाही सुचल्या. त्यातल्या दोनतीन तर खऱ्याही होत्या, मलाच माहीत नव्हत्या.” तिने ऑटमारला एक गिरकी घ्यायला लावली. “पण तो बोलत होता तेव्हा मी मेलेल्याच्या फोटोकडे नव्हते बघत. तुमच्याकडे बघत होते. बिटासारखे लाल झाला होतात.”

ऑटमार आताही झाला.

“बाकी,” ती म्हणाली, “माझं छप्पर चिमणीपाशी गळतं. अगदी खरोखरचं गळतं.”

पुढच्या आठवड्यात ऑटमार एर्लनग्रुंडला गेला. वेंडेलीनही गेला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं; गुडघा असा की शिडीच्या पहिल्या पायरीपलीकडे त्याचा उपयोग नव्हता. तो खाली शिडी धरून उभा राहिला आणि कौलं कशी बसवावीत, चिमणीचा सांधा कसा भरावा, आपल्या भट्टीवर काय केलं होतं, हे वर ऐकू जाईल अशा आवाजात सांगत राहिला. ऑटमारने त्याला दोनदा गप्प बसायला सांगितलं, आणि तिसऱ्यांदा त्याच्या डोक्याजवळून एक ओला शेवाळाचा गोळा खाली सोडला.

रस्त्याने गावची एक म्हातारी पाववाल्याकडून घरी चालली होती. ती थांबली, कपाळावर हात धरून वर बघत राहिली, आणि वेंडेलीनला म्हणाली, काम नीट करतोय हो तुमचा माणूस. चालतंय. पण आमच्या हार्टविगची सर नाही. तो होता तेव्हा हे सगळं तोच बघायचा.

वेंडेलीनने गंभीरपणे मान हलवली. वरून काही तरी पुटपुटल्यासारखं ऐकू आलं, पण म्हातारीला कमी ऐकू येत होतं.